ओल्या बांबूवरची खळ

अन्याय झाला तो विलास दत्ताराम परब याच्यावर. वय वीस, राहणार लालबाग, बांबू उडीचा खेळाडू आणि माझा सख्खा भाऊ. गिरणी संपाच्या दुसऱ्या श्रावणातला दुसरा शनिवार होता, दुपारचे चार वाजून दहा मिनिटं झाली होती. वेळ मला नक्की ठाऊक आहे. त्याच्या क्षणभर आधीपर्यंत मी पंचांच्या टेबलावरच्या घड्याळाकडेच बघत होते. पाच मिनिटं तरी उघडीप मिळावी, एवढंच मागणं होतं.

कोण, कधी, कुठे. पत्रक असंच सुरू करायचं, हे मी गिरणीच्या फाटकांवर शिकले. पहिल्या ओळीत माणूस आणि वेळ सांगितली नाही, तर वाचणारा कागदाची घडी करून खिशात टाकतो, नाहीतर भजी बांधायला देतो. या अन्यायावर मी तेव्हा एक पत्रक लिहिलं होतं. आमच्या बाजूच्या अनेकांनी त्याची तारीफ केली. त्या पत्रकातून मी एक गोष्ट गाळली, आणि तिच्या जागी एक खोटं वाक्य लिहिलं. आज पाच वर्षांनी पुन्हा श्रावण लागलाय, आणि ती गाळलेली गोष्ट लिहिल्याशिवाय मला या शनिवारला तोंड देता येणार नाही.

श्रावणात लोक वर बघतात. ऊन पडलं, सर आली, पुन्हा ऊन पडलं, याचं त्यांना कौतुक. माझं लक्ष जमिनीकडे असतं. परळच्या मैदानाच्या कडेने जाताना मी आजही चपलेची टाच मातीत दाबते आणि थांबते. ठशात पाणी जमलं तर त्या जमिनीवर धावायचं नाही. ठसा कोरडा राहिला तर कोपऱ्याकोपऱ्यात अजून दोनदा दाबून बघायचं. ही तपासणी विलासला शिकवणाऱ्या सावंत मास्तरांची. सरकारी ग्राउंड्समनपेक्षा त्यांची टाच खरी होती.

बांबू उडी ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. हातात चौदा फुटी बांबू आडवा धरून धावत यायचं. जमिनीत पुरलेली एक लाकडी पेटी असते, पुढे उतरती होत गेलेली. तिच्यात बांबूचं टोक खुपसायचं. धावण्याचा सगळा जोर बांबूत जातो, बांबू उभा होतो आणि त्याला लटकलेला माणूस पाय वर फेकून आडव्या पट्टीच्या पलीकडे जातो. पलीकडे वाळूचा खड्डा. त्यावर आमच्याकडे गिरणीतल्या टाकाऊ कापसाने भरलेली पोती रचलेली असत. या सगळ्यात माणसाच्या ताब्यात काय असतं, तर दोन मुठी. पेटीत पाणी असलं तर टोक घसरतं, धावपट्टी भिजली असली तर पाय घसरतो, आणि मूठ घसरली तर माणूस हवेत एकटा उरतो.

चौदा फुटी बांबू चाळीच्या जिन्यातून वर जात नाही. विलास तो बाहेरून दोरीने दुसऱ्या मजल्यावर ओढून घ्यायचा आणि गॅलरीच्या कठड्याला समांतर टांगायचा. गॅलरी सहा खोल्यांची, आणि पावसाळ्यात कपडे वाळत घालायला सहाही खोल्यांना जागा कमी. तेव्हा बांबू टांगला रे टांगला की त्यावर लुगडी आणि परकर चढलेच. सरावाला निघण्याआधी विलासला तीन घरची धुणी उतरवून ज्याची त्याला पोचवावी लागत. शेजारच्या राणेकाकू म्हणायच्या, "ह्याच्या आधी आमचे परकर जातील निवडीला. सराव त्यांचाच जास्त झालाय." विलास हसायचा आणि परकराची घडी घालून काकूंच्या हातात द्यायचा.

संपाच्या पहिल्या पावसात लोक ताठ होते. दुसऱ्या पावसात बोलणं कमी झालं. भोंगा वाजत नव्हता, त्यामुळे सकाळ नेमकी कधी झाली हे कळत नसे. पाळीच्या हिशेबाने जगलेली माणसं पहाटे उठून गॅलरीत उभी राहत आणि कुठे जायचं नाही हे आठवून परत आत जात. आमचे बाबा भाताच्या लावणीसाठी कोकणात गेले ते गावीच राहिले. आई धुणं वाळत घालताना एकदा म्हणाली, "यंदा कपड्यांवर काळे ठिपके पडत नाहीत गो." गिरण्यांच्या चिमण्या विझल्या होत्या, काजळी यायची कुठून? एवढं पांढरंशुभ्र धुणं गिरणगावाने कधी पाहिलं नव्हतं, आणि ते बघून आईचा चेहरा उतरला होता.

घरात एकच दार उघडं होतं. विलासची निवड झाली असती, तर रेल्वेत खेळाडूंच्या जागेवर त्याला घेणार होते. तसं आम्हाला तोंडी सांगितलं गेलं होतं. निवड म्हणजे त्या शनिवारची चाचणी. तिथे पहिल्या दोघांत यायचं, बस.

सावंत मास्तर साचेवाले, म्हणजे गिरणीत माग चालवणारे. मूळचे सावंतवाडीकडचे. तरुणपणी स्वतः बांबू उडी मारत, पुढे आमच्या व्यायामशाळेत शिकवू लागले. पैसे घेत नसत, शिव्या देत. संपात तेही बाहेर होते, दीड वर्ष. अनेक जण गुपचूप आत गेले, मास्तर गेले नाहीत. मैदानात मात्र ते रोज, पावसातही. मुलांना रांगेत उभं करून तळहात बघायचे, घाम किती, ओल किती. पेटीतलं पाणी डब्याने उपसून टाकायचे, मग खाली वाकून कापसाच्या बोळ्याने ती पुसायचे, जसं कुणी देव्हारा पुसतं. पाऊस असला की पकड वीतभर खाली घ्यायची, धाव चार पावलं कमी करायची, पट्टी उतरवायची. "उंचीची हौस उन्हात," असं त्यांचं म्हणणं. आणि टाचेच्या ठशात पाणी दिसलं की बांबू उचलून सरळ घरी. कुणी कुरकुर केली तर म्हणत, "घरी गेल्यार कोण मरत नाय."

एका बाबतीत मात्र मास्तरांचा आणि पावसाचा समेट होता. साचेखात्यात हवा कोरडी पडली की धागा पटापट तुटतो, म्हणून तिथे मुद्दाम ओल राखतात, वरून पाण्याचे बारीक फवारे सोडतात. तीस वर्षं त्या ओलीत घाम गाळलेल्या माणसाला ओल ही वैरीण वाटत नाही. कोरडा बांबू तडकतो, ओला वाकतो, हेही ते अनुभवाने सांगत. ते खरंच होतं. चूक झाली ती दुसरीकडे.

आमच्या बांबूला जिथे मूठ येते तिथे गिरणीतली सुती पट्टी गुंडाळलेली असे, आणि पट्टीवर खळ. चिंचोक्यांचं पीठ पाण्यात शिजवून करतात ती चिकट कांजी. गिरणीत ती सुताला पाजतात, म्हणजे धागा कडक होतो आणि मागावर टिकतो. मास्तर साचेखात्यात जाण्याआधी दोन वर्षं सायझिंगला होते, जिथे हे खळ पाजण्याचं काम चालतं. त्यांनीच ही युक्ती काढली. खळ वाळली की पट्टी खरखरीत होते, मूठ तिच्यावर जणू चिकटून बसते. दुसऱ्या व्यायामशाळांतली मुलं येऊन आमची पट्टी चाचपून बघत. गिरणी चालू होती तेव्हा खळ तिथून यायची. संपात ती घरी शिजू लागली, आमच्या स्टोव्हवर. शिजवायचे मी.

खळ शिजण्याचा वास कुणाला विचारू नका. आंबट आणि जुनाट, वळचणीच्या पाण्यासारखा. त्या शनिवारी सकाळी मास्तर दारात आले, छत्री बाहेर टेकवली आणि म्हणाले, "बाय, आज जरा दाट कर. पाऊस आसा."

मी दाट केली. दोनदा लावली, मधे स्टोव्हच्या धगीवर वाळवली. पट्टी अशी कडक झाली की नखाने टकटक वाजत होती. विलासने मूठ आवळून बघितली आणि खूश झाला.

आता हे वाचून लालबागची कुठलीही बाई कपाळावर हात मारून घेईल. नवं कापड पहिल्या धुण्यात मऊ पडतं, कारण त्यातली खळ पाण्याबरोबर निघून जाते. शाळेचा नवा गणवेश पहिल्या दिवशी पुठ्ठ्यासारखा आणि दुसऱ्या आठवड्यात पोतेऱ्यासारखा का होतो, हे आमच्याकडे पोरंसोरं सांगतील. आमच्या तीन पिढ्या त्या खळीच्या वासात वाढल्या. तरीही त्या दिवशी मास्तरांना, विलासला, मला, कुणालाही सुचलं नाही की दाट खळ म्हणजे पाणी लागल्यावर दाट बुळबुळीत. खळ धाग्याला घट्ट करते एवढंच डोक्यात होतं, कारण आमच्या घरी सगळ्यांचं पोट त्याच समजुतीवर भरलं होतं.

मैदानावर पोचलो तेव्हा रिमझिम होती. पहिली उंची विलासने सहज काढली. मुठीखालची पट्टी अजून वरवरच भिजली होती. चार वाजता सर वाढली. धावपट्टीवर डबकी दिसायला लागली, पेटी भरली. मास्तर डबा घेऊन बसले, पण उपसलं की पुन्हा भरत होती. शेवटी त्यांनी टाच मातीत दाबली. ठशात पाणी इतकं झटकन आलं की मला ते पाच हातांवरून दिसलं. कापसाची पोतीही भिजून दगड झाली होती. कोरड्या कापसात माणूस बुडतो, भिजलेल्या कापसावर आपटतो.

मास्तर पंचांच्या मंडपाकडे गेले. मी मागोमाग. मुख्य पंच कोरड्या खुर्चीत बसले होते. त्यांचं नाव मी पत्रकात दिलं होतं, इथे देत नाही, कारण आता भांडण एका माणसाशी नाही. मास्तरांनी सांगितलं की पेटीत पाणी आहे, चाचणी उद्यावर घ्या, नाहीतर तासभर थांबा. पंच म्हणाले, उद्या मैदान दुसऱ्या कामाला दिलंय. मास्तर म्हणाले, मग आमचा मुलगा ही उडी मारणार नाही, उंची राखून ठेवा. त्यावर पंचांनी आधी मास्तरांच्या भिजलेल्या सदऱ्याकडे बघितलं, मग आजूबाजूला.

"इथेही संप का, सावंत?"

मंडपात हशा पिकला. चहा पिणारे हसले, नोंदी करणारा हसला, दुसऱ्या क्लबांचे लोक हसले. त्यातले दोघे-तिघे आमच्याच वस्तीतले होते. न मारलेली उडी म्हणजे माघार, माघार म्हणजे नाव कमी, असं पंचांनी पुढे सांगितलं. ते नियमाचं बोलणं होतं. पण त्या हशानंतर त्याला वेगळाच वास आला.

मास्तर तिथेच उभे राहिले. दीड वर्ष गिरणीच्या फाटकाला नाही म्हणणारा हा माणूस. त्याला घरी येऊन समजावलं, धमकावलं, हरप्रकारे वळवून बघितलं, तरी नाही म्हणाला. त्या दिवशी चार टवाळ हसले आणि त्याच्या तोंडून दुसऱ्यांदा नाही निघालं नाही. दमला होता तो. माणूस एकाच वेळी किती ठिकाणी नाही म्हणेल? आणि हे विलासने बघितलं. तो धावपट्टीच्या टोकाला बांबू धरून भिजत उभा होता. त्याने तिथूनच सांगितलं, "मास्तर, मी मारतो." मास्तर वळून त्याच्याकडे बघत राहिले. हात वर करून थांबवता आलं असतं. त्यांनी वर केला नाही. मीही केला नाही. मला रेल्वेची नोकरी दिसत होती.

चार वाजून दहा मिनिटं. विलास धावला. धाव चांगली होती, हे मी आजही सांगेन. टोक पेटीत बरोबर पडलं, पाणी उडालं, बांबू वाकला आणि उभा राहू लागला. त्याचे पाय जमिनीवरून सुटले आणि त्याच क्षणी त्याच्या दोन्ही मुठी बांबूवरून खाली सरकल्या. हातभर. सुती पट्टीवर पांढरट फेस आलेला मला दिसला. पुढे जायचा जोरच राहिला नाही. तो खड्ड्याच्या बाजूला न जाता मागे आला, सरळ खाली, आणि त्याचा उजवा पाय पेटीच्या लाकडी कडेवर पडला. बांबू क्षणभर तसाच उभा होता, एकटा. मग तो आडवा झाला.

आधी लाल निशाण वर गेलं. उडी बाद. नंतर लोक धावले. हा क्रम मी विसरणार नाही.

घोटा तीन ठिकाणी मोडला. परळच्या इस्पितळात त्याला महिनाभर ठेवलं, मग घरी प्लास्टरमध्ये. रेल्वेचं दार बंद झालं. चाचणीच्या अहवालात लिहिलं गेलं, खेळाडूचा निष्काळजीपणा. ते वाचून माझं डोकं फिरलं. मी एका बैठकीत पत्रक लिहिलं, "विलास परबचा पाय कुणी मोडला?" पंचांची कोरडी खुर्ची लिहिली. भरलेली पेटी लिहिली. तो टोमणा शब्दाला शब्द लिहिला. सगळं खरं. मग विलासला वाचून दाखवलं. तो गादीवर पडून आढ्याकडे बघत ऐकत होता.

"खळीचं नाही लिहिलंस," तो म्हणाला.

मी म्हटलं, ते लिहिलं तर तेच धरून बसतील. म्हणतील, चूक तुमचीच, बांबूला काहीतरी फासून आणता आणि आमच्यावर ओरडता. लढाईत आपल्या बाजूची चूक आपण सांगायची नसते.

"पण हात खळीनेच सुटले."

"विलास, पंचांनी थांबवलं असतं तर हात सुटायची वेळच आली नसती."

हे खरंच आहे. आजही मी तेच म्हणते. पण तेवढ्यावर मी थांबले नाही. शेवटचा परिच्छेद नीट जमत नव्हता, जोरदार काहीतरी हवं होतं, म्हणून मी लिहिलं: "विलासच्या मुठीतली पकड पक्की होती, घसरली ती व्यवस्था." वाचताना मलाच बरं वाटलं. विलासने तोंड भिंतीकडे केलं. मला वाटलं, पाय दुखत असेल.

पत्रक फाटकाफाटकावर वाटलं गेलं. ते वाक्य लोक म्हणून दाखवत. पंचांचं काही वाकडं झालं नाही. त्या संपाचंही तसंच. तो मागे घेतल्याचं कुणी सांगितलं नाही, जिंकल्याचं तर नाहीच, तो नुसता विरत गेला. काही गिरण्या सुरू झाल्या, काही झाल्या नाहीत. सुरू झालेल्यांनी मास्तरांना परत घेतलं नाही. विलास आता प्रभादेवीला एका छापखान्यात बसून अक्षरांचे खिळे जुळवतो. लंगडतो, पण बोलत नाही त्याबद्दल. बांबू गॅलरीत टांगलेलाच राहिला. त्यावर फक्त धुणं.

आणि पुढच्याच पावसात शीवच्या कोळीवाड्यातला हेमंत कोळी पडला.

हेमंत त्या चाचणीला होता. विलासनंतर त्याचाच नंबर होता, आणि अपघातामुळे त्याची उडी झालीच नाही. आमची पट्टी त्याने त्या दिवशी सकाळी चाचपून बघितली होती. पत्रक त्याने घडी घालून बॅगेत जपून ठेवलं होतं. पकड पक्की होती असं विलासच्या बहिणीनेच लिहिलंय म्हटल्यावर त्याने दादरहून चिंचोक्यांचं पीठ आणलं, खळ शिजवली आणि स्वतःच्या बांबूला लावली. सरावात, भर पावसात, त्याच्या मुठी सुटल्या. वाळूत पडला म्हणून वाचला. मनगट मोडलं.

मी बघायला गेले. संतापून गेले होते, खरं सांगते. डोक्यात दुसरं पत्रक तयार होत होतं. खाटेशी हेमंतची आई बसली होती. दादरला मासळी विकते, बाजारातून तशीच आली होती, पाटी खाटेखाली सरकवलेली. तिला वाचता येत नाही. तिने ते पत्रक कुणाकडून तरी वाचून घेतलं होतं. माझ्याशी काही बोलण्याआधी तिने पोराकडे बोट दाखवून म्हटलं, आमच्या होडीच्या दोराला कधी कुणी खळ लावलेली बघितलीस? दर्याच्या पाण्यात खळ टिकते? ह्याचा बाप, आजा, सगळे ओल्या हाताने दोर ओढत गेले, आणि हा गिरणीवाल्यांचा शहाणपणा शिकायला गेला.

मग तिने पदरातून तो कागद काढला आणि माझ्यासमोर धरला.

"ह्यात पक्की लिवलंय. तुला ठावं होतं ना गो?"

तिने आवाज चढवला नाही. रागही दिसत नव्हता. मासळी घेणारीने बाजारात भाव विचारावा तसं विचारलं, आणि उत्तरासाठी थांबली. मी हो म्हटलं. तिने कागदाची घडी घातली आणि परत पदरात ठेवली. दुसरं पत्रक मी लिहिलं नाही.

हे सगळं आता का उकरते आहे? परळच्या मैदानाच्या फाटकावर परवा एक कागद चिकटवला आहे. बांबू उडीची निवड चाचणी, येत्या शनिवारी दुपारी चारला. तळाशी एक ओळ आहे: पाऊस असला तरी चाचणी होईल. भाग घेणाऱ्यांच्या यादीत हेमंत कोळीचं नाव आहे. त्याचं मनगट बरं झालं. पहाटे धक्क्यावर मासळीच्या पाट्या उचलतो आणि दुपारी सराव करतो. पुढच्या वर्षी वय बसणार नाही म्हणतो. त्याच्या बांबूवर आता नुसती कोरडी पट्टी आहे, आणि कमरेला प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला पंचा. तेवढं तो शिकला. बाकी सगळं तेच आहे. तीच पेटी, तीच भिजणारी पोती, मंडपात तशीच खुर्ची. मी त्याला विचारलं, पेटीत पाणी असलं तर काय करशील? म्हणाला, "ताई, मला नाही मारायची पावसात. पण नाही म्हटलं की नाव जातं."

आम्ही चौघं-पाच जण चाचणी घेणाऱ्या समितीकडे जाऊन आलो. मागणी दोन ओळींची होती. पेटीत पाणी असेल तर उडी पुढे ढकला. आणि खेळाडूने धोका बघून नकार दिला तर तो माघार धरू नका. त्यांनी चहा पाजला आणि अशी पद्धत नाही म्हणून सांगितलं. माझ्यासमोर बसलेल्या गृहस्थांनी समजुतीच्या सुरात विचारलं की मागच्या वेळी चूक बांबूची होती असं ते ऐकून आहेत, ते खरं आहे का. म्हणजे खळीचं त्यांना कळलं होतं. ज्या भीतीने मी ते लपवलं, ती भीती खरीच होती. मी त्यांना म्हटलं, हो, बांबूचीही होती. आम्ही बांबू सुधारला. तुम्ही काय सुधारलंत? ते चहाचा कप बशीत फिरवत राहिले.

त्या दिवशी तिथून मी थेट कॉटन ग्रीनला गेले. सावंत मास्तर तिथे एका गोदामावर वॉचमन आहेत. स्टुलावर बसले होते, रेनकोट घालून, समोर पावसाची झड. मैदानात ते पाच वर्षांत फिरकले नाहीत. मी सांगितलं की खळीचं सगळं लिहिणार आहे, तुमचं नाव येईल, तुमची परवानगी हवी. गोदामाच्या पत्र्यावर पाऊस वाजत होता.

"खळ पाण्यात जाता, ह्या माका म्हायत नाय होता काय गो?" ते म्हणाले. "दोन वर्षां सायझिंगात काढलंय मी."

मी म्हटलं, शिजवली मी होती. दाट मीच केली.

"मी सांगितलंय म्हणान केलंस." मग ते उठले, दरवाजाची कडी उगाच तपासून आले. "लिव. माझा नाव घालून लिव. पण दुसरा पण लिव. त्या दिवशी मी हात वर करूक व्हयो होतो. खळ नंतर. आधी तो हात."

घरी येताच मी तशीच बसून हे लिहिलं. इथवरचे खिळे विलासने छापखान्यात स्वतः जुळवले. जुळवताना त्याने एक शब्दही बदलला नाही, फक्त माझं जुनं वाक्य आलं तिथे थांबला आणि विचारलं, हे पुन्हा छापायचं? मी म्हटलं, छाप. खोटं कुठलं ते लोकांना कळू दे.

तर आमची चूक आम्ही लिहून दिली आहे, नावानिशी. पावसात उडी मारणाऱ्या कुठल्याही मुलाने मुठीखाली खळ, गोंद, तेल, काहीही लावू नये. कोरडी पट्टी, कोरडा पंचा, पकड खाली, धाव कमी. आणि जमिनीत पाणी असेल तर उडीच नको. यापुढचं मात्र खेळाडूच्या हातात नाही. वीस-बावीस वर्षांचा मुलगा, ज्याच्या घरी त्याच्या निवडीकडे डोळे लावून बसलेत, तो एकटा नाही म्हणू शकत नाही. सावंत मास्तरांसारख्या माणसालाही त्या दिवशी एकट्याला जमलं नाही. ते त्याच्यावर सोडणं हाच अन्याय आहे, आणि तो दर पावसाळ्यात नव्याने होतो.

तुम्ही हे वाचताय, तुम्ही परळचे असाल, शीवचे, गिरगावचे, खेळाशी तुमचा संबंध असो वा नसो. शनिवारी साडेतीनला मैदानावर या. छत्र्या घेऊन मंडपात बसू नका, धावपट्टीवर येऊन उभे राहा. पेटीत पाणी असेल तर पंचांकडून तिथल्या तिथे कागदावर लिहून मागा, की हेमंत कोळी नाही म्हणाला तरी त्याचं नाव यादीत राहील. सहीनिशी लिहून मिळेपर्यंत धावपट्टीवरून हलू नका.